पिन गन कोणती घ्यायची, कशी वापरायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं वर्कशॉप अमळनेरला आहे. देव्हारे, चौरंग, दरवाज्याच्या बिडिंग पट्ट्या, फोटो फ्रेम, किचनचं काम, असं सगळं चालतं. पिन गनबद्दल पारोळा, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा कुठून कुठून मिस्तरी लोकांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. घरी छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्यांनापण यातलं बरंच उपयोगी पडेल.

पिन नेलर (पिन गन) म्हणजे नक्की काय? साध्या नेल गनपेक्षा वेगळं काय आहे?

हवेवर चालणारी छोटी गन आहे, कॉम्प्रेसरच्या पाइपला जोडायची, ट्रिगर दाबला की आतला पिस्टन खाली येतो आणि त्याला लावलेली पातळ पट्टी, जिला आपण ड्रायव्हर म्हणतो, ती एक पिन लाकडात ढकलते. फरक पिनेत आहे. ही पिन २३ गेजची असते, म्हणजे जाडी साधारण ०.६ मिलिमीटर, शिवणाच्या सुईसारखी, आणि तिला डोकं नसतं. डोकं नाही म्हणून ती लाकडात पूर्ण शिरते आणि वर फक्त एक बारीक टिंब राहतं.

माझ्या आबांनी चाळीस वर्षं हातोडीने चुका (बारीक खिळे) ठोकल्या, चुकेचं डोकं पक्कडीने तोडून मग ठोकायचे म्हणजे देव्हाऱ्याच्या पट्टीवर दिसू नये. पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर ही गन चालवली तेव्हा त्यांनी पट्टीवरून दोनदा अंगठा फिरवून बघितला आणि विचारलं, "हाई काय शे? खिया कोठे गया?" खिळा खरंच सापडत नव्हता त्यांना. मी चष्मा आणून दिला तेव्हा ते टिंब दिसलं.

माझ्याकडे एफ-३० गन आहे, तिच्यात बारीक खिळे लागतातच की, मग ही वेगळी कशाला घेऊ?

एफ-३० म्हणजे १८ गेजची ब्रॅड गन. तिचा खिळा साधारण १ ते सव्वा मिलिमीटर जाड आणि त्याला छोटं डोकं असतं, त्यामुळे तो जास्त धरतो पण भोक ठळक दिसतं आणि त्यात लांबी (पुट्टी) भरावी लागते. टी-५० त्याच्यापेक्षा जाड, १६ गेज, ती चौकटीला पट्टी मारायला, जाड लाकडाला. एसटी-६४ तर भिंतीत, काँक्रीटमध्ये मारायची गन आहे, ती फर्निचरच्या पट्टीला लावायचीच नाही. आणि पिन गनवर बहुतेक पी-६२५, पी-६३० असं लिहिलेलं असतं. पी-६३० चा अर्थ सोपा आहे, ०.६ ची पिन आणि जास्तीत जास्त ३० मिलिमीटर लांबी. ५० मिलिमीटरपर्यंतच्या पिना घेणाऱ्या गनसुद्धा मिळतात.

तुमचं काम फक्त प्लायचे बॉक्स आणि मागची शीट ठोकायचं असेल तर एफ-३० पुरेशी आहे, खर्च करू नका. पण ६-८ मिलिमीटरची सागवानी पट्टी, फोटो फ्रेमचे कोपरे, देव्हाऱ्याची महिरप, काच पट्टी असं काम असेल तर एफ-३० च्या खिळ्याने टोकाला पट्टी चिरते, आणि चिरलेली पट्टी शेवटच्या दिवशी बदलायची म्हणजे काय होतं ते प्रत्येक मिस्तरीला माहीत आहे. तिथे पिन गनच पाहिजे.

पिनवर भरवसा किती ठेवायचा? नुसत्या पिनेने काम टिकेल का?

नाही टिकणार, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिनेला डोकं नाही, म्हणजे पट्टीला वरून दाबून धरणारं काहीच नाही. ती फक्त घर्षणाने धरते. हाताने जोर लावून ओढली तर पट्टी पिनेवरून सरळ निघून येते आणि पिना खालच्या लाकडात उभ्याच्या उभ्या राहतात. म्हणून पिनेचं काम एवढंच समजा की फेविकॉल वाळेपर्यंत पट्टी जागेवरून हलू द्यायची नाही. ताकद गोंदाची, पिन म्हणजे शिकंज्याच्या (क्लॅम्पच्या) जागी उभा केलेला माणूस. जिथे शिकंजा बसत नाही, म्हणजे गोलाईवर, कोपऱ्यात, छताच्या कॉर्निसला, तिथे पिनेसारखं दुसरं काही नाही.

गोंद दोन्ही अंगाला पातळ आणि सारखा लावा, पट्टी दाबून थोडी घासून बसवा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि मग पिना मारा. इथे खान्देशात एक गोष्ट जास्त लक्षात ठेवायची, एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो तेव्हा गोंद पाच-सात मिनिटात वरून साय धरतो, आणि साय धरलेल्या गोंदावर पट्टी ठेवून पिना मारल्या तर त्या दिवशी घट्ट वाटते पण नंतर सुटते. उन्हाळ्यात एकावेळी एकाच पट्टीला गोंद लावा, तीन-चार पट्ट्यांना लावून ठेवू नका. वर्कशॉपला पत्रे असतील तर हे काम सकाळी उरकून घ्या.

आणि पिना सरळ उभ्या मारण्यापेक्षा थोड्या तिरक्या मारा, एक डावीकडे झुकलेली, पुढची उजवीकडे झुकलेली. अशा दोन तिरक्या पिना एकमेकींना अडवतात, पट्टी सरळ वर येऊ शकत नाही. गोंदाशिवाय काम करायची वेळ आली, समजा पॉलिश झालेल्या वस्तूवर नुसती पट्टी लावायची आहे, तर एवढं तरी कराच.

मग पिन कुठे अजिबात चालवायची नाही?

जिथे वजन किंवा माणूस येतो तिथे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्याच्या पाटाची ऑर्डर येते आमच्याकडे, त्या पाटाला वरून नक्षीची पट्टी लावायला पिन ठीक आहे, पण पाटाचा सांधा, आडवी पट्टी, कडीची जागा, इथे बोल्ट आणि स्क्रूच. तसंच पाळणा, स्टूल, खुर्ची, माळ्याचं फळकुट, कपाटाच्या बिजागऱ्या. एका गावात मी पिनेवर लावलेलं भिंतीचं शेल्फ बघितलं आहे, त्यावर स्टीलचे डबे होते, आणि ते भिंतीपासून बोटभर सुटलेलं होतं. खाली लहान मुलगी बसून अभ्यास करत होती. मी तिथल्या तिथे डबे उतरवायला लावले आणि चार स्क्रू मारून दिले.

किती लांबीची पिन घ्यावी?

ढोबळ हिशोब असा की जी पट्टी लावायची तिच्या जाडीच्या अडीच-तीन पट. ६ मिलिमीटरची पट्टी असेल तर १५ किंवा १८ ची पिन, १० ची गोला पट्टी असेल तर २५ किंवा ३०. पण आधी खालच्या लाकडाची जाडी बघा. १२ मिलिमीटरच्या प्लायवर ४ ची पट्टी लावताय तर दोन्ही मिळून १६ झाले, तिथे २० ची पिन मारली की मागून टोक बाहेर, आणि ते टोक इतकं बारीक असतं की डोळ्याला दिसत नाही, कपाट पुसताना हाताला लागतं. काम झालं की मागच्या बाजूने तळहात नाही, सुती फडकं फिरवा, फडकं अडकलं की तिथे पिन आहे.

एकच डबा घ्यायचा असेल तर २० ची घ्या, दोन घेता आले तर १५ आणि ३०. दुकानदार कधी कधी स्वस्त पिना देतो त्यांच्या पट्टीला गोंद कमी असतो, हातात घेतल्यावरच पट्टी सुटते. अशा तुटक्या पट्ट्या मॅगझिनमध्ये (गनमधल्या पिनांच्या कप्प्यात) आडव्या होतात आणि जॅमचं मोठं कारण तेच आहे. पट्टी हातात धरून हलकी वाकवून बघा, एकसंध राहिली पाहिजे.

जुन्या सागवानात पिन वाकते, काय करू?

हा प्रश्न आपल्या भागात जास्त येतो कारण जुनी धाब्याची घरं पडतायत आणि त्यातले खांब, सर, कड्या असं सागवान बाजारात येतं. लाकूड फार सुंदर असतं, नव्याला ती तेलकट चमक नसते, पण साठ-सत्तर वर्षं वाळून ते कडक झालेलं असतं आणि आत जुने खिळे असतात. आधी चुंबक फिरवा किंवा मेटल डिटेक्टर, रंध्याच्या पात्यासाठीही आणि पिनेसाठीही. पिन जुन्या खिळ्यावर आदळली की वळून कुठूनही बाहेर येते.

त्यात ३० ची पिन मारायचा हट्ट करू नका. लांब पिन बारीक असल्यामुळे कडक लाकडात मधेच वाकते, तिथे १५-१८ ची घ्या आणि संख्या वाढवा, दर चार इंचाला एक. प्रेशर अर्धा बार वाढवा. तरी वाकत असेल तर तिथे पिनेचं काम नाही, एक मिलिमीटरचं भोक पाडून चूक ठोका.

बाभूळ त्याच्याहून कडक. बैलगाडीची, औताची लाकडं बाभळीची करायचे ते उगाच नाही. बाभळीत मी पिन गन चालवतच नाही. निंबात व्यवस्थित बसते. एमडीएफला पिन चांगली, जाड खिळ्याने वर फुगवटा येतो तो पिनेने फार कमी येतो. प्लायच्या कडेत, म्हणजे थरांमध्ये मारताना १८ मिलिमीटरच्या प्लायच्या बरोबर मध्यावर मारा, कडेजवळ गेली की थराबरोबर सरकत बाजूला निघते. आणि सनमायकावरून पिन मारू नका, टिंबाभोवती पापुद्रा उडतो आणि तो झाकता येत नाही.

दुकानात गन घेताना काय बघायचं?

डबा बघून घेऊ नका. सोबत आपल्या सागवानाचा एक तुकडा न्या आणि दुकानदाराला म्हणा कॉम्प्रेसरला जोडून दाखवा. पाइप लावल्यावर ट्रिगर न दाबता कानाजवळ धरून ऐका, सुसकारा येतो का. मग वीस-पंचवीस पिना लागोपाठ मारा. सगळ्या सारख्या खोलीवर गेल्या पाहिजेत. पिनेच्या बाजूला ड्रायव्हरचा जास्तीचा ठसा उमटतो का ते तिरप्या उजेडात बघा, चांगल्या गनचा ठसा पिनेएवढाच असतो, हलक्या गनचा आयताकृती खड्डा पडतो आणि मग पिन गन घेण्याचा अर्थच राहत नाही.

नाक किती बारीक आहे ते बघा, कारण कोपऱ्यात तेच जाणार. नाकावर रबराची टोपी आहे का, सोबत एक जास्तीची दिली आहे का. ट्रिगर दुहेरी आहे का, म्हणजे आधी एक खटका दाबल्याशिवाय मुख्य ट्रिगर दबत नाही, बहुतेक पिन गनला मोठ्या गनसारखं नाक दाबल्यावरच चालणारं सेफ्टी नसतं, त्यामुळे हा दुहेरी खटका मी सक्तीचा मानतो. पिना संपल्या की गन बंद पडायची सोय असेल तर उत्तम, नाहीतर मॅगझिनला खिडकी तरी हवी, कारण रिकामी गन चालवत राहिलं की ड्रायव्हरचं टोक खराब होतं, आणि पिन एवढी बारीक की गेली का नाही ते कळतच नाही.

सगळ्यात शेवटी विचारा, ओ-रिंगचा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) सेट आणि ड्रायव्हर सुटा मिळतो का. जळगाव, धुळ्याला ज्याचे पार्ट मिळत नाहीत ती गन कितीही नावाजलेली असो, सीझनमध्ये बंद पडली की पार्सलची वाट बघत बसावं लागतं. मी स्वतः एकदा दिसायला देखणी गन घेतली, आठ महिन्यात ड्रायव्हर तुटला, पार्ट कुठेच नाही. कानबाईच्या सणाच्या आधीचा आठवडा, चौरंगाच्या सात ऑर्डरी हातात. सगळे चौरंग आबांनी चुकांवर पूर्ण केले.

कॉम्प्रेसर केवढा लागतो?

पिन गन हवा फारच कमी खाते. १ एचपी आणि २४-२५ लिटरची टाकी एका माणसाला भरपूर होते, त्यावर एफ-३० पण आरामात चालते. रंगकामाची स्प्रे गन चालवायची असेल तर गोष्ट वेगळी, तिला सतत हवा लागते, तेव्हा मोठा घ्या. लोकांच्या घरात जाऊन काम असेल तर ऑइल-फ्री, कमी आवाजाचा घ्या, बाळंतीण किंवा म्हातारं माणूस घरात असतं, बेल्टचा कॉम्प्रेसर चालू झाला की सगळं घर हादरतं.

साईटवर कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो, सुरू होत नाही. खराब झाला का?

बहुतेक वेळा नाही. लांब, बारीक वायरची एक्स्टेंशन लावलेली असते, व्होल्टेज आधीच कमी, त्यात वायरीत आणखी पडतं आणि मोटर उचलत नाही. तशीच गुणगुणत ठेवली तर मोटर जळेल, लगेच बंद करा. वायर लांब करण्याऐवजी हवेचा पाइप लांब करा, कॉम्प्रेसर बोर्डजवळ ठेवा आणि ८ मिलिमीटरचा पीयू पाइप पंधरा-वीस मीटर न्या, पिन गनला त्याने काही फरक पडत नाही. एक्स्टेंशन लागलीच तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर वापरा.

दुसरं कारण ऊन. मे महिन्यात गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवलेला ऑइल-फ्री कॉम्प्रेसर तापून आपोआप ट्रिप होतो. सावलीत ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, थंड होऊ द्या, परत चालू होतो.

प्रेशर किती ठेवायचं?

साधारण ४ ते ७ बार, म्हणजे ६० ते १०० पीएसआय, आणि गनवर जो वरचा आकडा लिहिलाय त्याच्या पुढे कधीच नाही. प्लाय, एमडीएफ, मऊ लाकडाला मी साडेचार ठेवतो, नव्या सागवानाला पाच-साडेपाच, जुन्याला सहा. टाकीचं मीटर नाही, रेग्युलेटरच्या (दाब कमी-जास्त करायच्या नॉबच्या) पुढचं मीटर बघायचं. दर नवीन कामाला त्याच लाकडाच्या तुकड्यावर चार पिना मारून सेट करा. पिन लाकडाच्या पातळीच्या अगदी थोडी खाली गेली की बरोबर. प्रेशर जास्त झालं तर मऊ पट्टीत पिन आरपार जाते आणि पट्टी सुटी राहते, वरून काही कळत नाही.

पिन कधी कधी पट्टीच्या बाजूने बाहेर येते, गनचा दोष आहे का?

नाही, कारण आहे लाकडाची रेषा आणि पिनेचं टोक. पिनेचं टोक सुईसारखं गोल नसतं, पटाशीसारखं एका बाजूने तासलेलं असतं, त्यामुळे कडक रेषा मिळाली की पिन तिच्याबरोबर वळते. गाठीजवळ मारू नका. टोकापासून निदान अर्धा इंच आत मारा. पट्टी अरुंद असेल तर गन फिरवून दोन्ही दिशांनी तुकड्यावर मारून बघा, एका दिशेने पिन पट्टीच्या लांबीकडे वळते आणि दुसऱ्या दिशेने रुंदीकडे, लांबीकडे वळलेली परवडते.

आणि म्हणूनच बोटं. आमच्याकडे एक नवीन पोरगा होता, हुशार, हात चांगला. १० मिलिमीटरची पट्टी डाव्या हाताने धरली, तर्जनी पट्टीच्या कडेला, गनच्या नाकापासून इंचभरही लांब नाही. पिन गाठीवरून वळली आणि बाजूने येऊन बोटात गेली, नखाच्या शेजारी. रक्त एक थेंबही नाही. तो म्हणाला काही झालं नाही, चटका बसला फक्त. पट्टीच त्याच्या बोटाला शिवली गेली होती. दवाखान्यात न्यावं लागलं, धनुर्वाताचं इंजेक्शन, आठ दिवस हात बंद. पिन जेवढी लांब त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बोट पाहिजे, आणि पट्टी लहान असेल तर बोटाने न धरता लाकडाच्या तुकड्याने दाबून धरा. सांध्याजवळ पिन घुसली तर स्वतः उपटू नका, डॉक्टरकडे जा.

बाकी काय काळजी घ्यायची?

चष्मा, रोज, प्रत्येकाने, बघणाऱ्यानेही. पिना भरताना, जॅम काढताना, जेवायला उठताना पाइप काढून ठेवा. गन कोणाकडे रोखायची नाही, लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, साईटवर घरातली पोरं हौसेने येऊन बघतात. कॉम्प्रेसर नाही म्हणून ऑक्सिजन किंवा कुठल्याही गॅसच्या सिलिंडरला गन जोडायची नाही, स्फोट होतो, माणूस जातो.

काच पट्टी मारताना काच फुटते.

काचेवर पुठ्ठा ठेवा, गनचं अंग त्या पुठ्ठ्यावर टेकवून सरकवा म्हणजे काचेला धातू लागत नाही. पिन काचेच्या उलट बाजूला थोडी झुकवा, चौकटीच्या लाकडात. १५ ची पुरते. काच चौकटीत अगदी गच्च बसवलेली असेल तर पिन न लागताही फुटते, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून काच कापतानाच चारही बाजूंनी एक-दोन मिलिमीटर जागा सोडा. ज्या दरवाज्याची काच कधीतरी बदलावी लागेल तिथे पट्टीला गोंद लावू नका, तिरक्या पिनाच मारा.

गन जॅम झाली, कशी उघडू?

आधी पाइप काढा. मग मॅगझिन मागे ओढून पिना बाहेर घ्या. नाकावरचे दोन छोटे ॲलन स्क्रू सोडवले की पातळ पत्रा निघतो, आत अडकलेली पिन किंवा तिचा तुकडा दिसेल, बारीक चिमट्याने काढा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, त्या खाचेला ओरखडा पडला की पिना कायमच्या अडकायला लागतात. ड्रायव्हरचं टोक बघून घ्या, चौकोनी आणि सपाट हवं, गोल झालं किंवा तिरकं झिजलं असेल तर बदलण्याशिवाय इलाज नाही. बसवताना पिनांचं टोक खाली आहे ना ते तपासा, बऱ्याच पट्ट्यांवर बाण काढलेला असतो. आणि एकावेळी एकाच लांबीच्या पिना भरा.

ट्रिगर न दाबताच हवा निघते.

ओ-रिंग. ट्रिगरजवळून निघत असेल तर ट्रिगरच्या व्हॉल्व्हची, वरच्या टोपीतून निघत असेल तर वरच्या व्हॉल्व्हची. उघडताना क्रमाने फोटो काढत जा. जुनी ओ-रिंग सोबत नेऊन मापाचीच आणा. बऱ्याचदा रिंग फाटलेली नसते, कोरडी पडलेली असते, तेल घातलं की थांबते.

तेल कोणतं, किती?

न्यूमॅटिक टूलचं तेल, रोज सकाळी पाइप जोडायच्या तोंडातून दोन-तीन थेंब. नंतर पाच-सहा पिना टाकाऊ तुकड्यावर मारा, म्हणजे जादा तेल बाहेर येईल, नाहीतर ते तुमच्या कोऱ्या सागवानावर उडेल आणि तिथे पॉलिश धरणार नाही. गाडीचं ऑइल नाही, खोबरेल नाही, रॉकेल-पेट्रोलने धुणं नाही, रबर फुगतं. गन ऑइल-फ्री प्रकारची असेल तर तिच्या कागदावर लिहिल्याप्रमाणेच करा.

पिन वर राहिली तर?

पिनेला डोकं नसल्याने पंचने ठोकली तर ती वाकते आणि पट्टीवर ओरखडा पडतो. जांबूर किंवा निप्परने धरून फिरवत बाहेर काढा, निघाली नाही तर पातळीला कापून पॉलिश पेपरने सपाट करा. एक-दोनच राहिल्या तर गाठ किंवा कडक रेषा असेल, सगळ्याच राहत असतील तर प्रेशर कमी आहे किंवा ड्रायव्हर झिजला आहे.

टिंब पॉलिशमध्ये दिसतं का? काळे डाग का पडतात?

टिंबात त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि थोडा गोंद, किंवा रंगाचं मेण बोटाने घासलं तरी भागतं, गडद रेषेत पिन मारली असेल तर तेही लागत नाही. पिन मारताना मी पट्टीची रेषा बघून मारतो, गडद रेषेवर टिंब लपतं.

काळा डाग म्हणजे लोखंड आणि पाणी. लाकडातल्या टॅनिनबरोबर ओलं लोखंड आलं की काळं पडतं, बाभळीत टॅनिन भरपूर असतं. बाहेरच्या दरवाज्याला, पावसाचा मारा लागणाऱ्या खिडकीला, मोरीच्या दाराला स्टेनलेसच्या पिना वापरा, महाग आहेत पण एका दरवाज्याला लागतात किती. गोंद पुसताना फडकं पिळून घ्या.

बॅटरीवरची पिन गन घेऊ का?

रोज दोन-चार घरी फिरून किरकोळ पट्ट्या लावायचं काम असेल तर सोयीची आहे, पाइप नाही, कॉम्प्रेसर नाही, लाईट गेली तरी चालते. पण हातात जड लागते आणि नाक मोठं असतं, कोपऱ्यातल्या नाजूक कामाला हवेवरचीच सोयीची पडते. वर्कशॉपला हवेवरची, फिरतीला बॅटरीची, आणि एकच घ्यायची असेल तर मी हवेवरचीच सांगेन.

पावसाळ्यात गनमधून पाणी उडतं आणि पिना गंजतात.

पावसाळ्यातली दमट हवा टाकीत दाबली गेली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाला साचतं. रोज संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडून ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा पेला लालसर पाणी सहज निघतं. रेग्युलेटरसोबत पाणी अडवणारा फिल्टर लावून घ्या. पिनांचे डबे जमिनीवर ठेवू नका, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तळाला तांदूळ भाजून त्याची पुरचुंडी किंवा सिलिका जेलची पाकिटं टाका. गंजलेली पट्टी घासून वापरायचा प्रयत्न करू नका, तिच्या पिना एकमेकींना चिकटतात आणि दोन एकदम सुटतात, ड्रायव्हर तिथेच मोडतो. ती पट्टी बाजूला काढा, काचेच्या बाटलीत भरा आणि भंगारवाल्याला बाटलीसकट द्या, कचऱ्यात सुट्या टाकल्या तर गुरांच्या पोटात जातात.